तिसरा शब्द

आमच्या घरात साधं दार लावायचं असलं तरी तीन वाक्यं लागत. बाबा म्हणत, "दार लाव." मी म्हणायची, "दार लावते." मग बाबा म्हणत, "बरोबर." हे 'बरोबर' आल्याशिवाय मी जागची हलायची नाही. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत बाबा तिसरा शब्द विसरले आणि मी दाराला हात लावून तशीच उभी राहिले. शेवटी आई म्हणाली, "अहो, सोडा तिला, नाहीतर लग्नापर्यंत तिथेच उभी राहील."

बाबा विजेच्या ग्रिडच्या नियंत्रण कक्षात होते. कुठल्या उपकेंद्रातली कुठली लाइन बंद करायची, कुठली चालू करायची, हे ते फोनवरून सांगत. खालच्या यंत्रचालकाने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. वरच्याने ते नीट ऐकायचं आणि 'बरोबर' म्हणायचं. हा तिसरा शब्द कानावर पडल्याशिवाय खालच्याने हँडलला हात लावायचा नाही, असा नियम होता. बाबांचा तिसरा शब्द इतका झटपट आणि खणखणीत यायचा की कक्षात त्यांचं नावच 'बरोबरसाहेब' पडलं होतं. मला त्या नावाचा कोण अभिमान होता! शाळेत मी ते सांगत सुटायची.

मी सत्तावीस वर्षांची असताना हा शब्द आमच्या घरातून गेला.

काय झालं ते आम्हाला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. बाबांच्या हाताखालच्या एका उपकेंद्रात दोन लाइनी होत्या, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. एकोणसाठवर दुरुस्ती चालू होती, म्हणून ती बंद होती आणि तिच्या खांबावर एक लाइनमन चढलेला होता. बाबांनी एकोणसत्तर चालू करायला सांगितली. यंत्रचालकाने एकोणसाठ चालू केली. लाइनमन काम आटोपून, चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी सोडवून उतरायच्या बेतात होता. सव्वीस वर्षांचा होता.

चौकशी झाली. फोनवरचं बोलणं टाइप करून अहवालाला जोडलं गेलं. सूचना बरोबर दिली, ती बरोबर परत म्हटली गेली, वरून 'बरोबर' आलं आणि तरीही यंत्रचालकाने भलतीच लाइन चालू केली, असा निष्कर्ष निघाला. एकोणसाठच्या हँडलवर 'माणूस कामावर आहे' अशी लाल पाटी होती, तीही त्याने स्वतःच्या हाताने काढली होती. मग तर बोलायलाच नको. त्याला कामावरून काढलं. बाबांना कुणी बोट लावलं नाही.

पण बाबा बदलले. "दार लाव," म्हणत आणि मी "लावते" म्हटल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहत. मग स्वतः उठून कडी हलवून बघत. तिसरा शब्द काही यायचा नाही. आणि आकडे फोडून बोलायला लागले. एकोणपन्नास नंबरची बस त्यांच्या तोंडी 'चार नऊ' झाली. माझं वय 'दोन आठ', मग 'दोन नऊ'. लोक हसत. बाबा मात्र हट्टाला पेटले होते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द फोनवर बोलायचेच नाहीत, आकडे सुटे बोलायचे, असा नियम व्हावा म्हणून त्यांनी वरिष्ठांच्या नाकी नऊ आणले आणि तो करूनच घेतला. निवृत्तीपर्यंतची शेवटची वर्षं ते प्रशिक्षण केंद्रात तेवढंच शिकवत होते. निरोप समारंभात त्यांच्यामुळे किती जीव वाचले असतील याची भाषणं झाली. बाबा खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, विनय.

आणि तो फोन. आमच्या बैठकीत जुना तारेचा फोन आहे. त्याची जोडणी काढून दहा-बारा वर्षं झाली. निवृत्त झाल्यापासून बाबा रोज दुपारी पावणेएकच्या सुमारास उठतात, रिसीव्हर कानाला लावतात, थोडा वेळ ऐकतात, ओठातल्या ओठात एक शब्द म्हणतात आणि ठेवून देतात. जोडणी गेली तरी हे चालूच राहिलं. एकदा मी तो फोन अडगळीत टाकायला काढला, तर बाबा दुसऱ्या दिवशी पावणेएकला त्या रिकाम्या तिवईपाशी जाऊन उभे राहिले. मी मुकाट्याने फोन परत ठेवला. ते काय म्हणतात हे मला कधी ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर मी जवळ जायचीच नाही. मला त्या वेळी त्या खोलीत थांबावंसं वाटत नसे.

माझी नोकरी नियामक आयोगात. वीज गेली की लोक शिव्या घालतात. ती जाऊ नये म्हणून कुणीतरी कागद तपासत असतं, ते कुणीतरी म्हणजे मी. ग्रिड भरवशाने चालावी म्हणून काही मानकं ठरलेली आहेत. तारेपासून झाड किती लांब हवं, बॅटरी किती दिवसांनी तपासायची, फोनवर तीन वाक्यं बोलली जातात की नाही. वीज कंपन्या सगळं पाळलं म्हणून लिहून देतात आणि मी ते खरं आहे का बघायला जाते. कीस काढणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. मी गेले की लोक आधी चहा देतात आणि मग घाम पुसतात.

या मानकांत एक छोटं कलम आहे. माणूस दगावलेल्या अपघातांची ध्वनिमुद्रणं कायम जपायची आणि ती 'वाजण्याच्या अवस्थेत' आहेत याची दरवर्षी खात्री करायची. तक्त्यात दोनच रकाने आहेत, 'वाजते' आणि 'वाजत नाही'. त्यामुळे तपासणीस काय करतो, तर टेप लावतो, पहिले तीस सेकंद ऐकतो, 'वाजते'वर खूण करतो आणि पुढची टेप मागतो. कलमाने मागितलंय तेवढं आम्ही करतो. त्याहून जास्त करायला वेळ कुणाला आहे?

मला ही नोकरी लागली ती अपघातानंतर दोन वर्षांनी. मी धावत घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी विचारलं, "तिथे टेपा ऐकतात का?"

"ऐकतात ना. तीस-तीस सेकंद."

"तीन शून्य सेकंद," बाबा म्हणाले आणि जेवायला बसले. ना अभिनंदन, ना काही. ते मला फार लागलं होतं.

आणि दरवर्षी एक पत्र यायचं. कामावरून काढलेल्या त्या यंत्रचालकाचं. रेघांच्या कागदावर, एकाच मजकुराचं: 'मी एकोणसाठ म्हणालो होतो. वरून बरोबर आलं. कृपया टेप शेवटपर्यंत ऐकावी.' आमच्या कचेरीत त्यांचं नाव 'टेपवाले आजोबा' पडलं होतं. तक्रारींचं टेबल माझ्याकडे आल्यावर उत्तर द्यायचं काम माझं झालं. 'आपला अर्ज या कार्यालयाच्या कार्यकक्षेत बसत नाही.' अशी नऊ उत्तरं गेली आणि नऊही उत्तरांखाली माझी सही आहे. हा माणूस कोण आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. याच्या धांदरटपणामुळे माझे बाबा मुके झाले, असं मी मानत होते. सही करताना माझा हात जरा जोरातच चालायचा.

यंदाच्या पत्रात चार ओळी जास्त होत्या. 'लाइनमनची बहीण माझ्याच गल्लीत राहते. मी दिसलो की ती खिडकी लावते. माझा डावा कान गेला आहे, उजवा जायच्या मार्गावर आहे. मला ऐकू येतं आहे तोवर कुणीतरी टेप ऐकून मला सांगावं, एवढीच विनंती.' खाली फोन नंबर होता, आकडे सुटे सुटे लिहिलेले.

बाबांच्या जुन्या कक्षाची तपासणी मी कधी केली नव्हती. नात्याचा प्रश्न नको म्हणून दरवर्षी माझा सहकारी जायचा. यंदा तो आजारी पडला आणि आमचे साहेब म्हणाले, "अहो, तुमच्या वडिलांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. तिथे त्यांना ओळखणारी खुर्चीसुद्धा उरली नसेल. जा तुम्ही."

मी शुक्रवारी सकाळी गेले. झाडं, बॅटऱ्या, कागद सगळं बघून झालं. मग रेकॉर्ड सांभाळणारा मला मागच्या खोलीत घेऊन गेला. बिनखिडकीची खोली, लोखंडी कपाटं, एक कॉम्प्युटर आणि कानाला लावायचे मोठे हेडफोन. जुन्या टेपा आता कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. रेकॉर्डवाला गप्पिष्ट होता. "मॅडम, एकूण अकरा आहेत. तीस सेकंदांच्या हिशोबाने साडेपाच मिनिटं. मग जेवायला मोकळ्या."

पहिल्या सहा झाल्या. सातवीवर ती तारीख होती. मी हेडफोन घट्ट केले.

"नियंत्रण कक्ष. वेळ बारा एकेचाळीस."

बाबांचा आवाज. आजचा थकलेला नाही, तो जुना, खणखणीत. मग दुसरा आवाज, तरतरीत, जरा हसरा. "उपकेंद्र बोलतोय साहेब." बाबांनी विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "एवढी लाइन चालू केली की बसतो. तुम्ही?" बाबा म्हणाले, "हा काय, डबा समोरच आहे." मग दोघांनी परमिटचे, म्हणजे कामाच्या परवान्याचे, नंबर जुळवले. ठरलेली बोलणी, ठरलेल्या क्रमाने.

तीस सेकंद झाले. रेकॉर्डवाल्याने सवयीने हात पुढे केला.

"थांबा," मी म्हटलं. "चालू राहू द्या."

"अहो, वाजतंय की."

"वाजू द्या."

"एकोणसत्तर चालू करा," बाबा म्हणाले.

"एकोणसाठ चालू करतो."

आणि त्याच वेळी दोन आवाज आले. टक्, टक्. ते काय आहे हे या जगात मला आणि आईलाच कळलं असतं. बाबांच्या डब्याच्या झाकणाला पोचा होता. टेबलाच्या कडेवर दोनदा ठोकल्याशिवाय ते उघडत नसे. मी लहानपणी ते कितीदा तरी ठोकलं होतं.

दुसऱ्या टक् वरच बाबांचा शब्द आला. "बरोबर."

मी ते पाच वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तो एकोणसत्तर म्हणेल. तो दर वेळी एकोणसाठ म्हणत होता, अगदी स्पष्ट, आणि दर वेळी बाबा डबा उघडत होते.

टेप तिथे संपत नव्हती. खालून लाइन चालू झाल्याचं सांगणं आलं, बाबांनी वेळ परत म्हटली आणि फोन ठेवला. खालच्याने मात्र रिसीव्हर नीट ठेवला नसावा. त्या खास लाइनवर एक टोक उघडं असेपर्यंत टेप फिरत राहते. पुढची चार मिनिटं नुसतं उपकेंद्र ऐकू येत होतं. ट्रान्सफॉर्मरची संथ घरघर. खुर्ची कुरकुरली. तो शीळ घालत होता. मग लांबून कुणीतरी ओरडलं, "बंद कर! अरे बंद कर!" खुर्ची पडली, पावलं पळाली, आणि बराच वेळ फक्त ती घरघर. शेवटी कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"साहेब?"

घरघर.

"साहेब, तुम्ही बरोबर म्हणालात ना? साहेब?"

मग टेप संपली. बावीस वर्षं तो प्रश्न त्या खोलीत पडून होता आणि दरवर्षी कुणीतरी येऊन, तीस सेकंद ऐकून, 'वाजते' लिहून जात होतं.

मी टाइप केलेला कागद मागवला. त्यात यंत्रचालकाच्या नावापुढे 'एकोणसत्तर चालू करतो' असं होतं. खाली, नियमाप्रमाणे, नियंत्रण अधिकाऱ्याचा शेरा. 'टेपशी ताडून पाहिले. बरोबर.' अक्षर बाबांचं, सही बाबांची.

"मॅडम, वाजते ना?" रेकॉर्डवाल्याने विचारलं. "मग खूण करा की."

तो चुकीचं काही बोलत नव्हता. रकान्यात टेप वाजते का, एवढंच विचारलेलं होतं. मी खूण केली असती तर माझ्या नोकरीला, मानकाला, कुणालाच धक्का लागला नसता. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचं नाव त्या प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर लावलेलं आहे. आणि दुसरीकडे एका कानाचा एक म्हातारा, जो दिसला की एक खिडकी बंद होते. मी तो रकाना कोरा ठेवून तक्ता पिशवीत घातला आणि बाहेर पडले. बसमध्ये, जिन्यात, घरी फ्रिजपाशी, सगळीकडे मला ती घरघर ऐकू येत होती.

शनिवारी दुपारी मी मुद्दाम बैठकीत बसले. आई शिवणाचं काही घेऊन खिडकीपाशी होती. पावणेएकला पाच मिनिटं कमी असताना बाबा उठले. फोनपाशी गेले, रिसीव्हर कानाला लावला. मी उठून त्यांच्या मागे, अगदी खांद्याशी जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ते ऐकत होते. त्या मेलेल्या फोनमध्ये काय ऐकू येत असेल ते आता मला कळत होतं. मग ओठ हलले.

"चूक," बाबा म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला.

वळल्यावर त्यांना मी दिसले. ते दचकले नाहीत.

"बाबा, मी काल त्या दिवसाची टेप ऐकली."

"तीन शून्य सेकंद?"

"शेवटपर्यंत."

ते तिवईला धरून हळूहळू खुर्चीत बसले. आईने शिवण मांडीवर ठेवलं. माझा आवाज चढला. "डबा उघडत होतात, ते मी समजू शकते. चूक होते माणसाची. पण खाली 'टेपशी ताडून पाहिले' असं लिहिलंय तुम्ही. ताडून पाहिलं होतंत?"

"दोनदा," बाबा म्हणाले.

"मग?"

"टाइप करणाऱ्याने आपणहून सुधारलं होतं. परत म्हणताना तोच आकडा असणार असं त्याला वाटलं असेल. कागद माझ्यासमोर आला. मी टेप ऐकली. परत ऐकली." ते तळहातांकडे बघत बोलत होते. "मला वाटलं, तो सांगेलच. त्याने सांगितलं की टेप लावतील. टेप लावली की कळेलच. मी फक्त दोन दिवस पुढे ढकलतोय. त्याने सांगितलं गं. पहिल्याच दिवशी सांगितलं. कुणी टेप लावलीच नाही. टाइप केलेलं होतं ना हातात, माझ्या सहीचं. मग दोन दिवसांचे दोन महिने झाले, आणि त्यानंतर मला तोंड उघडता आलं नाही."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम झालं आणि मला रडू फुटलं. मी आईकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"वीस वर्षं रोज दुपारी ऐकतेय," आई म्हणाली. "डबा घरी आला त्या दिवशी तसाच्या तसा भरलेला होता. त्यानंतर त्यांनी तो कधी नेला नाही. मला काय सगळं कुणी समजावून सांगायला हवं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू टेपा ऐकणाऱ्यांत लागलीस," आई म्हणाली. "मला वाटलं, ही ऐकेल. मी वाट बघत होते."

माझ्या पिशवीत ते पत्र होतं आणि कचेरीत माझ्या सहीची नऊ उत्तरं होती. मीही कधी ताडून न पाहताच सह्या केल्या होत्या. बाबांनी निदान टेप ऐकली होती.

मी डोळे पुसले. "बाबा, सोमवारी मी दोन कागद देणार आहे. एकात, तुम्ही माझे वडील आहात म्हणून हे प्रकरण माझ्याकडून काढून घ्या, असं. दुसऱ्यात, मी काय ऐकलं ते. यंत्रचालक एकोणसाठ म्हणाला आणि वरून बरोबर आलं. ताडून पाहिल्याचा शेरा खोटा आहे. तुमचं नाव भिंतीवरून जाईल. कदाचित पेपरातही येईल."

मला वाटलं होतं ते विनवतील. मला त्याचीच भीती होती, कारण त्यांनी विनवलं असतं तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. बाबा म्हणाले, "सोमवारी दोन कागद देणार. यंत्रचालक पाच नऊ म्हणाला. बरोबर मी म्हणालो. शेरा खोटा." आणि माझ्याकडे बघत राहिले. सांगणारी मी होते, तिसरा शब्द माझा होता. माझ्या तोंडून तो निघेना. मी नुसती मान हलवली.

"मानेचं चालत नाही," बाबा म्हणाले. "नियमात बसत नाही." आणि मग, "त्याचा कान गेलाय म्हणालीस?"

मी म्हणाले नव्हते. पत्र सकाळपासून पिशवीतून डोकावत होतं, ते त्यांनी केव्हातरी काढून वाचलं होतं.

"डावा गेलाय. उजवा चाललाय."

"लाव फोन."

"बाबा, हे असं करता येत नाही. आधी कागद जाऊ दे, मग सुनावणी होईल, मग..."

"अगं, त्याचा कान थांबणार आहे का सुनावणीसाठी?" आई म्हणाली. "लाव."

मी माझ्या मोबाइलवरून तो नंबर लावला, एकेक सुटा आकडा. बराच वेळ वाजत राहिला. आवाज बाहेर येईल असा करून मी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. पलीकडून कुणीतरी "हॅलो, कोण?" म्हणालं. म्हातारा आवाज होता. शीळ घालणारा तो हाच असेल असं वाटेना.

बाबांनी घसा साफ केला. "नियंत्रण कक्ष."

पलीकडे एखादी बादली कुठेतरी भरत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला. नळ बंद झाला असावा.

"उपकेंद्र," तो आवाज म्हणाला. "बोला साहेब."

"तू पाच नऊ म्हणाला होतास."

"मी एकोणसाठ म्हणालो होतो."

"मी ऐकलं नाही आणि बरोबर म्हणालो. नंतर ऐकलं आणि तरी बरोबर लिहिलं. चूक माझी."

मग, "मोठ्याने बोला साहेब. कान गेलेत माझे."

बाबा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. आई पुढे झाली, पण तिने त्यांना धरलं नाही.

"चूक माझी!" बाबा ओरडले. त्या जुन्या, खणखणीत आवाजात. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

पलीकडच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. तो रडत होता की काय, सांगता येत नाही. मग त्याने नियमाप्रमाणे ते परत म्हटलं, एकेक शब्द सुटा करून.

"चूक. तुमची."

आणि तो थांबला. जुना माणूस होता, तिसऱ्या शब्दाशिवाय हलणार नव्हता. आम्ही सगळेच थांबलो. बाबांनी डोळे मिटले, पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग ते म्हणाले,

"बरोबर."